पाठ दुसरा, ‘रांगेत उभे राहणे’, प्रत्यक्षात घेतल्याबाबत

प्रति,
मा. शिक्षण विस्तार अधिकारी साहेब,
तालुका शिक्षण विभाग.

अर्जदार : सौ. महानंदा मल्लिनाथ बिराजदार, सहशिक्षिका, प्राथमिक शाळा, आवळदरा, जि. उस्मानाबाद.

विषय : ‘सामाजिक सद्वर्तन’ पाठमाला शिक्षकांना प्रत्यक्ष घेता येईल अशी करून मिळणेबाबत, तसेच त्यातील एक पाठ प्रत्यक्ष घेतल्याबद्दल आलेल्या नोटिशीचा खुलासा.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, ज्यात ‘पाठ नुसते वाचून न दाखवता प्रात्यक्षिकासह घ्यावेत’ या वाक्याखाली दोन रेघा आहेत.
२) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ९ मार्च १९८७, ज्यात प्रात्यक्षिक का घेतले असे विचारले आहे.

महोदय,

१. अर्जदार ही वरील शाळेत सहा वर्षांपासून तिसरी व चौथीचे वर्ग सांभाळते. शाळेला खोल्या दोन, शिक्षक दोन, पट त्र्याऐंशी आणि खुर्ची एक. खुर्चीवर मुख्याध्यापक श्री. उत्तरेश्वर गुरुजी बसतात. दुसऱ्या खोलीला दार नाही. ते मागील वर्षीच्या वावटळीत गेले असून त्याबाबतचा अर्ज आपल्या कार्यालयात आहे.

२. गेल्या डिसेंबरात शिक्षकांचे एक दिवसाचे प्रशिक्षण झाले. त्यात प्रत्येकाला बारा पाठांची हस्तपुस्तिका मिळाली. साधनांच्या यादीत टेबल, सहा खुर्च्या, कपबशा, फुलदाणी व दूरध्वनी यंत्र (खेळण्यातील चालेल) असे होते. अर्जदाराने उभे राहून विचारले की, हे साहित्य शाळेला मिळणार का? त्यावर मार्गदर्शक म्हणाले, “बाई, शिक्षकाकडे कल्पकता पाहिजे.” ती मात्र यादीत नव्हती. अर्जदाराने आपल्या हाताने ती यादीच्या शेवटी लिहून घेतली आणि पाठ सुरू केले.

३. पाठ पहिला, ‘दारावर टकटक करून आत येण्याची परवानगी मागणे’. दार नसल्यामुळे मुलांनी चौकटीजवळ उभे राहून तोंडाने ‘टक, टक’ म्हणावे असे ठरले. हा पाठ उत्तम झाला. मुले आजही तसेच म्हणतात. पाठ पाचवा, ‘दूरध्वनीवर सभ्यपणे बोलणे’. गावात दूरध्वनी एकच, सोसायटीच्या कचेरीत, लाकडी पेटीत कुलूपबंद. म्हणून मुलांनी पायातली चप्पल कानाला लावून बोलावे असे केले. वर्गातील निम्म्या मुलांना चप्पल नाही. त्यांनी ‘लाईन लागत नाही’ असे म्हणावयाचे होते. नेमके त्याच वेळी आपण तपासणीस आलात. चप्पल कानाला लावलेली एकोणीस मुले आणि ‘लाईन लागत नाही’ असे ओरडणारी बावीस मुले पाहून आपण शेरेबुकात ‘वर्गात शिस्त आढळली नाही’ असे लिहिले. अर्जदाराची त्याबद्दल तक्रार नाही. आपल्याजवळ त्या वेळी हस्तपुस्तिका नव्हती.

४. आता मूळ प्रकरण. पाठ दुसरा, ‘रांगेत उभे राहणे’. त्यात लिहिले आहे की, मुलांना बसस्थानक, टपाल कचेरी किंवा चित्रपटगृह येथे नेऊन रांगेचा अनुभव द्यावा. आवळदऱ्यात यातले एकही नाही. एस. टी. पकडायला येरमाळ्याच्या रस्त्यापर्यंत चालत जावे लागते. मात्र आवळदऱ्यात टँकर येतो, सोमवारी आणि गुरुवारी. विहिरी माघातच आटल्या आहेत. टँकरच्या दिवशी मुले घागरी घेऊन चावडीपुढे जातात व शाळा ओस पडते. वर्ग जिथे गेला तिथे शिक्षिकेने जावे, हे अर्जदारास सरळ वाटले. म्हणून गुरुवार, दि. ५ मार्च रोजी अर्जदार हस्तपुस्तिका घेऊन चावडीपुढे गेली.

५. टँकरभोवती पाणी भरण्याचा एक क्रम गावात आहे. तो कोठेही लिहिलेला नाही, पण सर्वांना तोंडपाठ आहे. आधी सोसायटीचे चेअरमन श्री. महांतप्पा यांची बैलगाडी, तिच्यावर दोन पिंपे. मग त्यांचे भाऊबंद. मग बाकीचे गाव. शेवटी बौद्धवाडा, तोही टँकरच्या तोटीला हात न लावता, उरलेल्या पाण्यावर. बहुतेक वेळा उरलेले म्हणजे तळाचा गाळ असतो. अर्जदार स्वतः ‘बाकीचे गाव’ या भागात मोडते आणि सहा वर्षे तिने आपली घागर त्या क्रमाने निमूट भरून घेतली, हेही येथे लिहून ठेवणे योग्य आहे.

त्या दिवशी अर्जदाराने मुलांना हस्तपुस्तिकेप्रमाणे ‘जो आधी आला तो आधी’ एवढेच सांगून ओळीने उभे केले. पहिली आली होती चांगुणा, चौथीतील विद्यार्थिनी, बौद्धवाड्यातील भिमाबाई यांची मुलगी. ती सकाळी सहापासून घागर धरून बसली होती. मुले ओळीत लागली म्हणून त्यांच्या आयाही मागे ओळीत लागल्या. आयांनी हे आनंदाने केले असे नाही. पण प्रत्येकीचे पोर ओळीत होते आणि पोराला मागे ओढावे तर नंबर जात होता.

६. एवढ्यात चेअरमनसाहेबांची बैलगाडी आली. गाडीवर त्यांचा सालगडी पिराजी होता. तो नेहमीप्रमाणे सरळ तोटीपाशी निघाला. तेव्हा चांगुणा बैलांच्या पुढे जाऊन उभी राहिली व पाठात आहे ते वाक्य तिने जसेच्या तसे म्हटले, “क्षमा करा काका, आपला क्रमांक आमच्यानंतर आहे. कृपया आपण रांगेत यावे.”

पिराजीने कासरा ओढला. मग त्याने बैल वळवले, गाडी ओळीच्या शेवटी नेऊन लावली आणि खाली उतरून बिडी पेटवली. त्याचा नंबर आला तेव्हा टँकरमध्ये एक पिंप भरेल एवढेच पाणी होते.

त्याच संध्याकाळी पिराजीला कामावरून काढले. अर्जदार त्याच्या घरी विचारपूस करण्यास गेली. त्याने सांगितले ते येथे त्याच्याच शब्दांत देते, कारण त्याची सही घेता येत नाही. “बाई, त्या पोरीनं अडवलं असतं तर म्या गाडी घातली असती. शिव्या दिल्या असत्या तरी घातली असती. पन ती मला ‘आपन’ म्हणाली. चाळीस वर्सं झाली, मला कुनी ‘आपन’ म्हणलं न्हाय. बैल काय, म्याच वळलो.”

७. शुक्रवारी चेअरमनसाहेबांनी अर्जदाराच्या पतींना बोलावले. अर्जदाराचे पती श्री. मल्लिनाथ हे त्याच सोसायटीत कारकून आहेत. “तुमच्या मंडळींना आवरा,” एवढेच ते म्हणाले. पती घरी आले, टोपी खुंटीला लावली आणि अर्जदारासमोर बसून म्हणाले, “अगं, तुझं पुस्तक खरं हाय. पण त्या कचेरीत मला रोज बसायचं हाय नव्हं?” हस्तपुस्तिकेत घरातील माणसाशी कसे बोलावे असा पाठ नाही. त्या दिवशी अर्जदाराने भाकरी केल्या, पण दोघांनाही त्या गेल्या नाहीत.

८. शनिवार, दि. ७ रोजी शाळा सुटल्यावर चौथीच्या सर्व मुलांना सोसायटीच्या कचेरीत बोलावण्यात आले. चांगुणाने माफी मागावी, असे ठरले होते. उत्तरेश्वर गुरुजींनी, जे मनाने वाईट नाहीत पण ज्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आहे, अर्जदाराच्या नावाचाही एक माफीनामा तयार करून आणला होता. चेअरमनसाहेब गादीवर बसले होते. बाजूला पंच. कोपऱ्यात अर्जदाराचे पती सभेचा वृत्तांत लिहिण्यासाठी वही उघडून बसले होते. दाराबाहेर भिमाबाई पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या.

येथे अर्जदारास पाठ नववा, ‘चूक झाल्यास क्षमा मागणे’, याचा उल्लेख करणे भाग आहे. त्यात तीन पायऱ्या दिल्या आहेत. आपली चूक कोणती ते स्पष्ट शब्दांत सांगावे. ‘क्षमा करा’ म्हणावे. पुन्हा असे होणार नाही असे सांगावे. हा पाठ फेब्रुवारीतच झाला होता आणि चांगुणाला त्यात दहापैकी दहा गुण होते.

चेअरमनसाहेब म्हणाले, “हं, म्हण पोरी, चुकलं म्हण.”

चांगुणा म्हणाली, “म्हणते की मालक. पण आधी चूक सांगायची असती. माझी चूक कंची, ते मला ठावं न्हाय. तुमी सांगा, म्हंजी म्या तसं म्हणते.”

ती उद्धटपणे बोलली असे नोटिशीत लिहिले आहे. अर्जदार तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. पोरगी घाबरलेली होती. तिला खरोखरच पायरी पहिली गाळता येत नव्हती.

चेअरमनसाहेब म्हणाले, “चूक म्हंजे... तुमी लोकांनी...” आणि थांबले. पुन्हा म्हणाले, “आमच्या गाडीला...” आणि पुन्हा थांबले. पंच छताकडे बघू लागले. तेव्हा अर्जदाराच्या पतींनी वहीवरून मान वर करून विचारले, “साहेब, चूक म्हणून काय लिहू?”

हे त्यांनी कारकुनाच्या सवयीने विचारले की कसे, हे अर्जदाराने त्यांना अजून विचारलेले नाही. परंतु महोदय, त्या कचेरीत अकरा मोठी माणसे होती आणि जे गावाला पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ आहे ते एका वाक्यात सांगून लिहून घ्या म्हणण्याचे धाडस एकालाही झाले नाही. शेवटी चेअरमनसाहेब ‘सभा तहकूब’ म्हणून उठले. वहीत तेवढेच लिहिलेले आहे. माफीनामा गुरुजींनी घडी घालून खिशात ठेवला.

९. सोमवारी टँकर चावडीपुढे थांबलाच नाही. तो सरळ चेअरमनसाहेबांच्या अंगणात गेला आणि तेथील हौदात रिकामा झाला. ही सोय सर्वांच्या भल्यासाठी केली असे सांगण्यात आले. गावाने अंगणात जाऊन भरावे आणि बौद्धवाड्याने फाटकाबाहेर थांबावे, त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतले जाईल. भिमाबाई फाटकापाशी आल्या. ओतणाऱ्याने बादली उचलली. भिमाबाईंनी आपली घागर उपडी केली, काखेत मारली व परत फिरल्या. त्यांच्यामागे वाड्यातील बाकीच्या बायकाही फिरल्या. एकीनेही पाणी नेले नाही.

मंगळवारी शाळेत बौद्धवाड्यातील चौदा मुले हजर होती. एकाचे ओठ फुटले होते. अर्जदाराने आपल्या घरची घागर वर्गात आणून ठेवली आणि ती पहिल्या तासालाच संपली. आदल्याच दिवसाची, म्हणजे सोमवारची, आपली नोटीस आहे. तिच्यात ‘आपल्या पाठामुळे गावातील सलोखा बिघडला’ असा शब्दप्रयोग आहे. बिघडण्यापूर्वीचा सलोखा हा असा होता, हे कळावे म्हणून वरील मजकूर दिला.

१०. त्याच मंगळवारी मधल्या सुट्टीत भिमाबाई शाळेच्या चौकटीपाशी आल्या. “बाई, आमी तहसीलला चाललाव. तुमी येता का? यायलाच पायजे असं न्हाय. तुमास्नी तरास व्हईल.” अर्जदाराने अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा लिहून गुरुजींच्या हातात दिली. गुरुजींनी ती घेतली, चष्मा लावून वाचली आणि म्हणाले, “दोन्ही वर्ग मी बघतो. उन्हाचं डोक्यावर काहीतरी घेऊन जा.”

भिमाबाई, इतर तेवीस बायका आणि अर्जदार रस्त्यापर्यंत चालत गेल्या, तेथून खडीच्या ट्रकने पुढे. तहसील कचेरीच्या आवारात भिमाबाईंनी सर्वांना एकामागे एक उभे केले. प्रत्येकीच्या कमरेवर रिकामी घागर. कोणी घोषणा दिली नाही. शिपाई धावत आला, “कसला मोर्चा हाय? परवानगी कुठंय?” भिमाबाई म्हणाल्या, “मोर्चा न्हाय दादा, रांग हाय. आमचा नंबर आला की सांगा.”

दोन तासांनी नंबर आला. तहसीलदार साहेबांनी भिमाबाईंचे सर्व ऐकून घेतले. मग त्यांनी टँकर खाजगी जागेत रिकामा करू नये, शाळेच्या भिंतीलगत ग्रामपंचायतीचे जे सिमेंटचे टाके रिकामे पडले आहे त्यात भरावा, असा कागद दिला. ते टाके चार वर्षांपूर्वी बांधले होते. त्याचे उद्घाटन झाले होते, पाणी मात्र त्यात कधी पडले नव्हते.

११. गुरुवार, दि. १२ रोजी टँकर शाळेशी आला. ओळ लागली. ती सरळ नव्हती व सगळे राजीखुशीने उभे होते असेही नाही. भाऊबंदांपैकी तिघे पाणी न घेता निघून गेले. दोघांनी अर्जदारास ऐकू जाईल असे जे म्हटले ते अर्जात लिहिण्यासारखे नाही. अर्जदाराचे पती कचेरीतून मधल्या वेळेत आले, घरची घागर घेतली आणि कोणाशी न बोलता पिराजीच्या मागे जाऊन उभे राहिले.

अर्धी ओळ सरली तेव्हा चेअरमनसाहेबांच्या मातोश्री शरणम्मा काठी टेकत आल्या. त्यांचे वय ऐंशीच्या आसपास आहे. हातात पितळेचा तांब्या होता. तोटीवर त्या वेळी चांगुणा होती. ती म्हणाली, “आज्जी, तुमी फुडं या. म्हाताऱ्या मान्साला आधी घ्यायचं असतं.” शरणम्मा पुढे झाल्या. चांगुणाने तांब्या भरला. म्हातारीने तो तिथेच, सगळ्या गावादेखत, तोंडाला लावला आणि संपवला. पुन्हा पुढे केला. “आनिक वत गं. घरचं पानी गोड लागंना आताशा.”

या प्रकाराची लेखी तक्रार आपल्याकडे आलेली नाही, असे समजते. ती का आली नाही, हे वर आठव्या परिच्छेदावरून आपल्या ध्यानात येईल.

१२. तरी महोदयांनी पाठमालेत पुढीलप्रमाणे सुधारणा कराव्यात, ही विनंती.

(अ) पाठ दुसऱ्याला एक परिशिष्ट जोडावे. रांगेचा नियम ज्यांना लागू नाही अशा व्यक्ती, त्यांची जनावरे व वाहने यांची यादी कार्यालयाच्या सहीशिक्क्यासह त्यात असावी. यादी नसताना शिक्षकाने कोणाला वगळावे, याचा अंदाज नवीन शिक्षकाला येत नाही.

(आ) पाठ शिकवल्यानंतर मुले तो खरेच आचरणात आणतील काय, याचा विचार हस्तपुस्तिका छापण्यापूर्वी व्हावा. आचरणात आणू नयेत असे पाठ वेगळ्या रंगाच्या कागदावर छापावेत.

(इ) साहित्य पाठवावे. सगळे नको. एक दार आणि दोन खुर्च्या पुरेत. कल्पकता येथे शिल्लक आहे.

(ई) एका दिवसात बारा पाठ शिकवणारे प्रशिक्षण पुन्हा न घेता, मार्गदर्शकांनी आवळदऱ्यात येऊन एक पाठ स्वतः घेऊन दाखवावा. कोणताही चालेल. सोमवारी किंवा गुरुवारी आल्यास मुले एकत्र सापडतील.

१३. नोटिशीतील मुख्य प्रश्नाचे उत्तर राहिले. प्रात्यक्षिक का घेतले? खरे सांगायचे तर, अर्जदाराने हस्तपुस्तिका पहिल्यांदा वाचली तेव्हा तिला हसू आले होते. टकटक, कपबशी, फुलदाणी. सहा वर्षे ती मुलांना ‘खरे बोला, नम्र वागा’ हे फळ्यावर लिहून देत होती आणि मुले ते वहीत उतरवून घेत होती. वही मिटली की संपले. त्या गुरुवारी पहिल्यांदाच एक वाक्य वहीतून बाहेर येऊन बैलगाडीपुढे उभे राहिले. अर्जदार त्या वेळी पोरीला मागे ओढणार होती. हात पुढेही झाला होता. तो का आखडला, हे तिला नीट सांगता येत नाही. भीती खूप वाटली होती, एवढे मात्र आठवते. म्हणून ‘हेतुपुरस्सर चिथावणी’ हा नोटिशीतील आरोप अर्जदारास मान्य नाही. तेवढे धैर्य तिच्याजवळ नव्हते. ते एका दहा वर्षांच्या मुलीजवळ होते व तिला ते आपल्याच खात्याच्या पुस्तकातून मिळाले.

१४. शनिवारी, दि. १४ रोजी अर्जदारास बदलीचा आदेश मिळाला. प्रशासकीय सोय असे कारण दिले असून नवीन शाळा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तामलवाडीपलीकडे आहे. पतींची नोकरी येथे, म्हणून बिऱ्हाड दोन ठिकाणी होईल. भिमाबाईंनी व इतर तेवीस जणींनी बदली रद्द व्हावी म्हणून अंगठे केलेला कागद दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यात पिराजीचाही अंगठा आहे. तो आता टाक्यापाशी ओळ लावण्याचे काम करतो. त्यास पगार कोणी देत नाही, पण सगळे त्याला ‘आपण’ म्हणतात.

अर्जदार आदेश मानते. ती येत्या सोमवारपर्यंत येथील मुलांची परीक्षा घेऊन तिकडे रुजू होईल. नव्या गावची चौकशी तिने केली आहे. तेथेही टँकर येतो. तेथेही चेअरमन आहेत. पट शहाण्णव आहे. तेथे पाठमाला अद्याप कोणी सुरू केलेली नाही, असे कळते. अर्जदार ती पहिल्या पाठापासून सुरू करील. महोदयांनी याची नोंद घ्यावी.

आदेशाच्या अधीन राहून, पाठावर कायम,
आपली नम्र,
(सही) सौ. महानंदा म. बिराजदार
सहशिक्षिका, आवळदरा
दि. १६ मार्च १९८७

सोबत :
१) हस्तपुस्तिकेतील पाठ दुसरा व नववा, नक्कल.
२) सोसायटीच्या सभेचा वृत्तांत, नक्कल. मजकूर ‘सभा तहकूब’ एवढाच. नक्कल खरी असल्याचे कारकून श्री. मल्लिनाथ यांनी सही करून दिले आहे.
३) अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज, अद्याप मंजूर न झालेला.
४) चोवीस बायकांच्या व पिराजीच्या अंगठ्यांचा कागद.